डिकीतल्या बाहुल्या आणि भिंतीवरचा पट

त्या गाडीचं मागचं दार काही केल्या उघडत नव्हतं. जुनी, लांबलचक अमेरिकन स्टेशन वॅगन होती. बाजूंना लाकडाचा भास देणारे पट्टे आणि पुढचा सगळा भाग चेपलेला. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात अशा अपघातातल्या गाड्या अमेरिकेहून कंटेनर भरभरून येतात. काहींचे पार्ट सुटे होतात, काही ठोकून-रंगवून पुढे आफ्रिकेत जातात. मी एका शिपिंग कंपनीत नोकरी करते. कंटेनर उघडला की कागदावरची गाडी आणि समोरची गाडी एकच आहे ना, एवढं बघून सही करायची, हे माझं काम. इतकी वर्षं ते करून गाडी बघितली की मला काहीच वाटेनासं झालं होतं.

यार्डाचे मालक पेशावरकडचे पठाण. भरघोस दाढी, आवाज असा की हळू बोलले तरी शेजारच्या गॅरेजमध्ये ऐकू जावं. त्यांनी पहार मागवली, स्वतःच दाराच्या फटीत घातली आणि दार कडाड करून उघडलं. आत ठिगळं जोडून हाताने शिवलेली पांघरुणं होती, थेट आपल्या गोधड्यांसारखी. मला त्यांचंच नवल वाटलं, म्हणून मी वरचं एक बाजूला केलं.

खाली चेहरे होते. रांगेने निजवलेले, वर बघणारे. जाड कॅनव्हासच्या, आत काहीतरी ठासून भरलेल्या बाहुल्या. हातभर उंच, पायांच्या जागी लाकडाचा ठोकळा, आणि डोक्यापासून बुडापर्यंत दोन्ही बाजूंना केसाळ कातड्याची झालर. चेहरे ऑइलपेंटने रंगवलेले. एक विदूषक, एक जाड भुवयांचा पोलीस, एक दात नसलेली म्हातारी, एक नवरीसारखी नटलेली बाई. एकही चेहरा दुसऱ्यासारखा नव्हता. कोणी रंगवले ते कळायला मार्ग नव्हता, पण प्रत्येक चेहरा कुणाच्या तरी ओळखीच्या माणसाचा आहे, अशी माझी त्या क्षणी खात्रीच झाली. ती म्हातारी कोणाची तरी शेजारीण असणार. त्या पोलिसाने कोणाला तरी नक्की छळलं असणार.

यार्डातली माणसं भोवती जमली आणि दोन पावलं मागेच थांबली.

"ये गुड्डे आप ले जाओ, बाजी," मालक म्हणाले. "मेरे आदमी इनके साथ काम नहीं करेंगे."

"आपके हैं, आप रखिए ना."

"मैं क्या करूँगा? खलास, आपके हो गए."

गाडीत जे निघतं ते यार्डाचं असतं. एरवी निघतं तरी काय, तर सनग्लासेस, लहान मुलांचे बूट, कुणाचा तरी चहाचा थर्मास. मालकांनी बाहुल्या पुन्हा त्याच पांघरुणांत बांधून माझ्या गाडीत ठेवून दिल्या. बर दुबईला पोचेपर्यंत मी आरशातून सारखी मागे बघत होते.

घरी आल्यावर मी त्या हॉलच्या भिंतीशी उभ्या केल्या. मुलगी कॉलेजातून आली आणि दारातच थबकली.

"ममा, व्हॉट इज धिस? दे आर लुकिंग ॲट मी!"

"अगं, खेळणी आहेत."

"नो. टॉइज डोंट हॅव दॅट फेस."

नवरा बँकेतून आला. त्याने चष्मा पुसला, एकेका बाहुलीपुढे वाकून बघितलं आणि मग म्हणाला, "ही म्हातारी आमच्या मावशीसारखी दिसते." त्या एका वाक्याने बाहुल्या घरात राहिल्या.

त्या नेमक्या कसल्या आहेत, हे मला कळत नव्हतं. मी फोटो काढून जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकले. उत्तरं अमेरिकेतून धडाधड आली. गावोगाव फिरणाऱ्या जत्रांमधल्या, चेंडू मारून पाडायच्या बाहुल्या आहेत, जपून ठेवा, धुऊ नका, रंगाला हात लावू नका. रंगाला हात लावू नका, हे तर जवळजवळ प्रत्येकाने लिहिलं होतं. त्यांत एक संदेश वेगळा होता. लिहिलं होतं, 'तुम्ही दुबईत आहात असं दिसतंय. मी मरीनात राहते. माझे वडील असल्या बाहुल्यांचा खेळ चालवायचे. एकदा बघायला येऊ का?'

पुढच्या शनिवारी त्या आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, सडपातळ, हातात काठी, अंगात निळा सुती झगा. इथल्या एका शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं संगीत शिकवलं होतं आणि आता मुलाच्या कुटुंबाबरोबर राहत होत्या. मेट्रोने आल्या, गल्ली चुकल्या आणि साडीच्या दुकानात विचारत विचारत पोचल्या. मी चहा टाकायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर त्या सोफ्यावर नव्हत्या. काठी बाजूला टाकून बाहुल्यांसमोर फरशीवर बसल्या होत्या आणि एका बाहुलीची झालर बोटांनी विंचरत होत्या.

"तुमच्या वडिलांच्याच तर नाहीत ना या?" मी विचारलं. मनातून मला तसंच काहीतरी व्हायला हवं होतं.

"छे. आमच्या बाहुल्यांचे डोळे आई काढायची, गोल. हे वेगळ्या घरचं काम आहे." मग त्यांनी झालर दोन्ही बाजूंनी पसरवून दाखवली. "ही कशासाठी असते, माहिती आहे?"

"शोभेला?"

त्या खुदकन हसल्या. "लांबून बाहुली जाडजूड दिसावी म्हणून. आत एवढीशीच असते. चेंडू झालरीतून सुळकन निघून जातो, आणि मारणाऱ्याला वाटतं, थोडक्यात हुकला. मग तो पुन्हा मारतो. या झालरीवर आमचं घर चालत होतं."

त्यांचं बालपण ओहायोच्या आसपास फिरण्यात गेलं होतं. उन्हाळाभर ट्रकमधून या गावाहून त्या गावाला. वडील फळकुटाच्या टेबलामागे उभे राहून गिऱ्हाइकांना साद घालायचे. बोलता बोलता त्या माझ्या हॉलकडे बघत होत्या, पण त्यांना दुसरंच काही दिसत होतं. मला सांगलीतली गणपतीची जत्रा आठवली. साबणाच्या वडीवर रिंग टाकायचा खेळ आणि ती रिंग वडीवर कधीच नीट न बसणं. मी त्यांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "वडीचा आकार रिंगपेक्षा केसभर मोठा असणार," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडेही आमचे भाऊबंद होते म्हणायचे."

त्यानंतर मी शोधूच लागले. सगळ्या यार्डांत सांगून ठेवलं की अमेरिकन गाडीत लाकडाचं, रंगवलेलं, हाताने केलेलं काही निघालं तर मला फोन करा. एका पिकअपमध्ये वाऱ्यावर करवत चालवणारा लाकडी माणूस निघाला. बाल्कनीत ठेवला की क्रीकवरच्या वाऱ्याने तो दिवसभर लाकूड कापायचा. एका व्हॅनमध्ये नेमबाजीच्या खेळातलं लोखंडी बदक मिळालं, छातीवर छर्ऱ्यांचे असंख्य पोचे पडलेलं. एका ट्रकच्या केबिनमागे नशिबाचं चाक होतं, माझ्या खांद्याएवढं. फिरवलं की चामड्याची पट्टी खिळ्यांवरून टकटक करत हळूहळू थांबायची, आणि आम्ही घरातले तिघेही श्वास रोखून उभे. जिंकायला काहीच नसायचं, तरी.

"आपण फ्लॅटमध्ये राहतो की म्युझियममध्ये?" नवरा विचारायचा. पण ऑफिसला जाताना चाक एकदा फिरवूनच जायचा.

मला भारून टाकणारी गोष्ट एकच होती. ही सगळी कामं कुणा नावाजलेल्या कलावंताची नव्हती. हिवाळ्यात शेतावर काम नसताना कुणीतरी बसून केलेलं, उरलेल्या रंगाने रंगवलेलं. त्या माणसाला वाटलंही नसेल की आपल्या हातचं लाकूड कधी समुद्र ओलांडेल. आणि माझ्या बाल्कनीत त्याच्या करवतीचा आवाज येत होता.

मग एकदा मी त्या अमेरिकन बाईंच्या मरीनातल्या घरी गेले. उंच इमारत, खाली बोटी, सगळीकडे काच. त्यांची खोली मात्र जुन्या लाकडाने भरलेली. मी दारातून आत पाऊल टाकलं आणि समोरच्या भिंतीकडे बघून तिथेच उभी राहिले.

भिंतीवर एक चौकोनी लाकडी फळी टांगली होती. हिरवा, तांबडा आणि पिवळा रंग, जागोजागी उडालेला. मधोमध चौकट. चौकटीतून चार दिशांना निघालेले चार पट्टे, प्रत्येकात घरांच्या तीन-तीन रांगा, आणि काही घरांत फुल्या.

"हा तर आमचा पट आहे," मी म्हणाले.

"तो पार्चीझीचा बोर्ड आहे," त्या म्हणाल्या. "ओहायोतल्या एका शेतगड्याने केलेला. धान्याच्या पेटीच्या झाकणावर."

"नाही हो. पच्चीसी! सोंगट्या. माझी आई लहानपणी खेळायची हे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी बोर्डाकडे. हा खेळ आपल्याकडून तिकडे गेला, हे मी कुठेतरी वाचलं असेलही. पण वाचणं वेगळं. इथे एका माणसाने पेटीचं झाकण काढून, गुडघ्यावर घेऊन, आमच्या देशाचं नावही कदाचित न ऐकता, आमच्या पटाच्या फुल्या काढल्या होत्या. फुलीच्या घरात सोंगटी मरत नाही, हा नियम त्याला कळला होता.  मी जवळ जाऊन बघितलं. मधल्या चौकटीपाशी रंग पार घासून लाकूड दिसत होतं. तिथे किती हात फिरले असतील.

"तुमच्या आईला हे दाखवायला हवं," त्या म्हणाल्या.

आई थंडीत आली. माझे वडील गेल्यापासून ती दर वर्षी दोन महिने आमच्याकडे येते. सांगलीत तिची बालवाडी होती, त्यामुळे कोणालाही खेळात ओढून घ्यायची तिला सवय. हॉलमधल्या बाहुल्या बघून ती दचकली नाही. सगळ्यांना डोळे भरून बघितलं आणि म्हणाली, "नवरीचं नाक चुकलंय." पटाचं सांगितलं तेव्हा मात्र तिचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या मुलीला घेऊन देवळाच्या गल्लीत गेली, हार-उदबत्तीच्या दुकानातून कवड्या घेऊन आली आणि म्हणाली, "चल, कुठे आहे तो पट."

मरीनातल्या त्या खोलीत आई भिंतीसमोर उभी राहिली. पदर खांद्यावर घट्ट ओढलेला.  मग फळीच्या कडेवरून बोट फिरवत घरं मोजली.

"एक घर गाळलंय त्याने," ती म्हणाली. "पण आहे आपलाच." आणि लगेच, "हा भिंतीवर का टांगलाय?"

मी भाषांतर केलं. अमेरिकन बाई म्हणाल्या, "खूप जुना आहे. रंग उडेल म्हणून."

"त्यांना सांग, पट काय भिंतीवर टांगतात? पट मांडतात."

हे भाषांतर करताना मी जरा मवाळ करून सांगितलं असावं. तरी त्यांना आईच्या स्वरावरून सगळं कळलं.  मग अमेरिकन बाई पुढे झाल्या, काठी मला दिली आणि दोन्ही हातांनी फळी खिळ्यावरून उतरवली.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते शब्दांत नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. दोघी गालिच्यावर समोरासमोर बसल्या. सोंगट्या म्हणून अमेरिकन बाईंकडे जुन्या कोटाची बटणं होती. त्यांना फासे हवे होते, आईला कवड्या. आईने कवड्या ओंजळीत खुळखुळवल्या आणि टाकल्या, आणि फाशांचा विषय संपला. नियमांवरून भांडणं झाली. आई मराठीत भांडत होती, त्या इंग्रजीत. मी मधे पडायला गेले तर दोघींनीही मला हाताने गप्प बसवलं.

"अहो बाई, फुलीवर आहे माझी! मारता येत नाही!" आई ओरडायची.

त्या फुलीवर बोट ठेवून मान हलवायच्या, बटण मागे घ्यायच्या.

एकदा आईने कवड्या टाकल्या आणि सगळ्या पालथ्या पडल्या. "पंचवीस!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाईंची सून स्वयंपाकघरातून धावत आली. अमेरिकन बाईंनी विचारलं, "काय म्हणाली ती?" मी म्हणाले, "पंचवीस. ट्वेंटी-फाइव्ह. त्यावरूनच या खेळाचं नाव पडलंय. पच्चीसी." त्यांनी हळूच म्हणून बघितलं, "पच्चीसी. पार्चीझी." पुन्हा, "पच्चीसी." आणि डोळे मिटून घेतले. जन्मभर एक शब्द उच्चारत आलेल्या माणसाला तो शब्द कुठून निघाला ते पहिल्यांदा ऐकू यावं, तसा तो चेहरा होता. खिडकीबाहेर मरीनातल्या बोटींवर ऊन होतं. मी तिथेच भिंतीला टेकून बसून राहिले. ते बघायला आपण हजर आहोत, एवढंच मला वाटत होतं.

डाव आई हरली. परत येताना टॅक्सीत ती गप्प होती. मला वाटलं हरल्याचं लागलंय. बिझनेस बेच्या पुलावर आल्यावर ती म्हणाली, "मग त्या बाहुल्यांना तू का कोंडून ठेवलंयस?"

"कोंडून कुठे? जपून ठेवल्यात. शंभर वर्षांच्या असतील आई त्या."

"चेंडू मारायच्या आहेत ना? मग मारा की चेंडू."

मी खूप कारणं दिली. ग्रुपवरचे लोक काय म्हणतात, कॅनव्हास कसा विरतो, रंग कसा सुटतो. आईने ऐकून घेतलं. संध्याकाळी मी कुरकुरतच अमेरिकन बाईंना फोन केला, वाटलं त्या तरी माझी बाजू घेतील.  पण त्या म्हणाल्या, "जागा मोठी लागेल. चेंडू मागे जायला भिंत हवी. आणि मी बोलावणार लोकांना. ते काम दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही."

मोठी जागा मला एकच माहीत होती. यार्डाच्या मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "शुक्रवारी सगळं बंदच असतं. नमाजनंतर शेड तुमची. इन्शाल्ला, मीपण मारीन. त्या पोलिसाला."

जानेवारीतला शुक्रवार होता. हवेत गारवा. यार्डातल्या माणसांनी दोन गाड्यांचे बॉनेट आडवे टाकून टेबल केलं होतं, मागे ताडपत्री ताणली होती. पांघरुणं अंथरून त्यांवर आम्ही बाहुल्या मांडल्या. मालक, त्यांची पठाण माणसं, शेजारच्या गॅरेजमधले मल्याळी मेकॅनिक, आम्ही चौघं. आधी सगळे लांब उभे होते, लाजत, हात पाठीमागे बांधून. आपण मोठी माणसं, खेळायचं काय, असा भाव.

अमेरिकन बाई टेबलामागे गेल्या. निळा झगा, गळ्यात माझ्या आईने दिलेली इरकली शाल. काठी टेबलाला टेकवली, आणि तोंडाशी हातांचा कर्णा केला.

आवाज आला तो त्यांचा नव्हता. मी त्यांना इतके महिने ओळखत होते. हळू बोलणाऱ्या, वाक्य पूर्ण करायच्या आधी विचार करणाऱ्या बाई. हा आवाज पोटातून आलेला, उंच, लांब खेचलेला, मधेच उसळणारा, गाणं आणि हाक यांच्या मधला. शब्द इंग्रजी होते, पण इतके भरभर एकात एक ओवलेले की मलाही निम्मेच कळले. या, या, चेंडू घ्या, म्हातारी तुम्हाला हसतेय, पोलीस झोपलाय, एवढं कळलं. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज घुमला. माझ्या मुलीने माझा दंड धरला. "ममा," ती कुजबुजली, "हाऊ इज शी डूइंग दॅट?"

मला वाटतं, तेव्हा त्या टेबलामागे त्यांचे वडील उभे होते. दुसरं काही म्हणता येत नाही मला. त्यांच्या हातांच्या हालचालीही बदलल्या होत्या. एक हात कमरेवर, दुसऱ्याने चेंडू उडवून झेलणं. कोणीतरी कधीतरी ओहायोतल्या मैदानात असाच उभा राहिला असणार, आणि बाजूला बसलेल्या लहान मुलीने ते सगळं बघून अंगात मुरवून ठेवलं असणार, संगीत शिकवतानाच्या सगळ्या वर्षांत कुणाला न दाखवता.

आणि माणसं पुढे आली. कोणाला इंग्रजी फारसं येत नव्हतं, तरी आली. मालकांनी पहिला चेंडू घेतला. पोलिसाच्या झालरीतून तो सरळ ताडपत्रीत गेला. सगळे हसले. "यल्ला, एक और!" ते ओरडले. दुसरा गेला, तिसरा गेला. मल्याळी मेकॅनिक नेम धरून आले आणि तेही हुकले. बाई मोठ्याने हळहळायच्या, इतक्या खऱ्या हळहळीने की माणूस पुन्हा चेंडू उचलायचाच. माझ्या नवऱ्याने मारला तो थेट शेडच्या पत्र्याला.

आईने पदर खोचला. बालवाडीत मुलांना चेंडू टाकून दाखवायची तसा हात खालून फिरवला, वरून नाही. चेंडू नवरीच्या तोंडावर फट्कन बसला आणि नवरी मागे कोसळली. शेडमध्ये एकच आरडाओरडा झाला. पठाणांनी शिट्ट्या मारल्या. आई तोंडावर हात घेऊन उभी.

मी मात्र नवरीकडे धावले. उचलली तेव्हा तिच्या गालावरचा रंग पापुद्र्यासारखा सुटून माझ्या तळहातावर आला. मला रडूच यायला लागलं. आणि मग मी गालाकडे नीट बघितलं. रंगाखाली रंग होता. सुटलेल्या भागात दुसराच गाल होता, जास्त गुलाबी, आणि त्यावर एक तीळ. त्याच्याही कडेला, खाली, अजून एक पिवळसर कातडी डोकावत होती.

अमेरिकन बाई काठी टेकत आल्या. वाकून बघितलं. आता त्यांचा आवाज पुन्हा नेहमीचा होता.

"दर हिवाळ्याला रंगवायचे ना," त्या म्हणाल्या. "हंगामभर मार खाऊन चेहरे जायचे. बर्फ पडलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळ्यांना झोपवायचं आणि नवे चेहरे द्यायचे. मागच्या वर्षी जी नवरी होती ती यंदा डाकीण. जेवढे थर, तेवढे त्यांचे हिवाळे."

शेंदराची कवचं चढलेले देव आपण बघतो, आत मूळ दगड कसा असेल याची कल्पना करतो. माझ्या हातात कुठल्या तरी अनोळखी घराचे कितीतरी हिवाळे होते, पापुद्र्यावर पापुद्रा. सगळी माणसं भोवती येऊन वाकून बघत होती. मालकांनी हात पुसला आणि एका बोटाने, अगदी हलकेच, तो तीळ दाबून बघितला. "सुभानल्ला," ते म्हणाले. कोणी हसलं नाही.

पुढच्या आठवड्यात अमेरिकन बाई आमच्या घरी रंग घेऊन आल्या. ग्रुपवर मी विचारलं होतं आणि सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं होतं की रंगवाल तर नासवाल. मी त्यांना ती उत्तरं दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली. "खरं आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांना हात लावायचा नाही. पण हिला आपण पाडली आहे. जिने पाडली तिने चेहरा द्यायचा, असं आमच्या घरी होतं." आणि ब्रश माझ्या आईपुढे धरला.

आईने हो-नाही केलं नाही. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, नवरीला झोपवलं, आधी गाल भरला. मग नाक, जे तिला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. डोळ्यांपाशी आल्यावर ती थांबली, ब्रशला टोक काढलं आणि श्वास धरून एक लांब रेघ ओढली, कानाकडे जाणारी. आमच्या घरच्या गौरीच्या मुखवट्यांचे डोळे ती दर वर्षी उजळते. तेच डोळे होते. पाणीदार, मोठे, समोरच्याला ओळखणारे.

 अमेरिकन बाईंनी नवरीवर झुकून हलकी फुंकर घातली, रंग वाळावा म्हणून. बाल्कनीत लाकडी माणूस करवत चालवत होता. मुलगी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि फोन काढायचंही विसरली होती.

"ओठ राहिलेत," आई म्हणाली. "ब्रश धर हा. तू कर."

"मी? मला नाही येत चित्र काढता."

"त्याला तरी कुठे येत होतं," अमेरिकन बाई म्हणाल्या. आमचं मराठी बोलणं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. कोण तो, हे मी विचारलं नाही. शेतावरचा, पेटीच्या झाकणावरचा, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेला, कोणीही. त्यांनी लाल रंगाची डबी माझ्याकडे सरकवली. मी खुर्ची ओढून बसले, आणि नवरीच्या तोंडावर ब्रश टेकवला.